नखाएवढं चित्र

ऐकायच्या कार्यक्रमाला चित्र कशाला लागतं, हे मी आजवर बऱ्याच जणांना विचारलं. प्रत्येकाने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि लगेच ते चित्र कसं असावं यावर बोलायला सुरुवात केली. मूळ प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

तसं आमचं सगळं तयार होतं. पॉडकास्टचं नाव ठरलं होतं, ‘थांबा, जोडून देते’. माझी आत्या नोकरीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड. दिवा लागला की वायर खोचायची आणि या गावचा माणूस त्या गावच्या माणसाला जोडून द्यायचा. त्या दिवसांच्या गोष्टी आत्या सांगणार आणि मी मधूनमधून ‘मग?’ म्हणणार, असं कार्यक्रमाचं स्वरूप होतं. ‘मग?’ म्हणणं दिसतं तितकं सोपं नाही. लवकर म्हटलं तर माणूस बिचकतो, उशिरा म्हटलं तर आपण झोपलो होतो असं वाटतं. पहिले काही भाग आम्ही कपड्यांच्या कपाटात तोंड घालून रेकॉर्डही करून ठेवले होते, कारण कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही असं मी कुठेतरी वाचलं होतं. आत्या कपाटासमोर स्टुलावर, मी माझ्याच शर्टांच्या मध्ये, आणि इस्त्री मोडली म्हणून दारात बायको.

मग ते भाग वेबसाइटवर चढवायला गेलो, तर तिथे एक रिकामा चौकोन. खाली लिहिलेलं, ‘मुखचित्र जोडा’. ते जोडेपर्यंत ‘पुढे’ हा शब्द करडाच राहत होता. मी विमा कचेरीत आवक-जावक विभागात आहे. अडलेला कागद पुढे कसा सरकवायचा हे मला कुणी शिकवायला नको. मी एक कोरा पांढरा चौकोन केला आणि दिला पाठवून. उत्तर आलं, ‘चित्रात चित्र आढळले नाही.’

“ऐकायचा कार्यक्रम आहे ना? मग बघायचंय कुणाला?” बायको म्हणाली. माझंही तेच म्हणणं होतं, पण तिने आधी म्हटल्यामुळे मला विरोध करावा लागला.

खरा धक्का आत्याने दिला. एरवी ती कशात हट्ट धरत नाही. त्या दिवशी मात्र म्हणाली, “चित्र नीट झालं पाहिजे हं. उगाच काहीतरी चिकटवू नकोस.”

“अगं, लोक तुझा आवाज ऐकायला येणार आहेत.”

“तोच तर घोटाळा आहे,” ती म्हणाली. “माझा आवाज आता माझा राहिलाय कुठे?”

हे खरं होतं. गेले काही महिने तिचा आवाज बसत चालला होता. घशाच्या डॉक्टरांनी जेवढं जमेल तेवढं कमी बोला म्हणून सांगितलं होतं. आणि हा कार्यक्रम आत्याला कुणासाठी करायचा होता, हे त्या दिवशी मला नीट समजलं. तिला ‘पलीकडची’ हवी होती.

पलीकडची म्हणजे दुसऱ्या गावच्या एक्स्चेंजमधली ऑपरेटर. दोघी रोज एकमेकींशी बोलायच्या; लाइन मोकळी असली की घरचं, दारचं, सगळं. लाइनवर नाव सांगायचं नाही असा खात्याचा नियम. म्हणून ही तिला पलीकडची म्हणायची आणि ती हिला. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही. मग एक दिवस फोन आपोआप जोडणारं मशीन आलं. ठरलेल्या वेळी जुन्या लाइनी बंद होणार होत्या, पण खात्यात कधी नव्हे ते काम वेळेआधी झालं. पलीकडची नेमकी तेव्हा म्हणत होती, “अगं, एक गंमत सांगायची राहिलीच...” आणि लाइन गेली ती गेलीच.

“इतकी वर्षं झाली,” आत्या म्हणाली, “काय सांगणार होती कोण जाणे. आता तिने मला ऐकलं तरी ओळखायची नाही. चित्र बघून तरी थांबली पाहिजे.”

“पण तिने तुला पाहिलेलंच नाही. चित्रात काय घालू म्हणजे ती ओळखेल?”

“ते मला काय विचारतोस? मग? मग? करत बसतोस, जरा डोकं चालव की.”

माझा ‘मग?’ असा चव्हाट्यावर यावा याचं मला वाईट वाटलं. पण आत्या रडवेली झाली होती, म्हणून मी लगेच मेहुण्याला बोलावलं.

माझा मेहुणा चित्रकला शिकलेला आहे आणि बाटल्यांची लेबलं करतो. मुख्यतः फरशी पुसायच्या द्रवाची. त्याच्या हाताला तेच वळण लागलंय. त्याने पहिलं चित्र केलं त्यात टेलिफोन चकाकत होता, मागून किरणं फुटत होती आणि कोपऱ्यात पिवळ्या चांदणीत ‘नवीन!’ असं लिहिलं होतं.

“यात नवीन काय आहे?” मी विचारलं. “सगळा कार्यक्रम जुन्या गोष्टींचा आहे.”

“भावजी, नवीन लिहिलं की लोक उचलतात.”

“उचलून काय करतात? फरशी पुसतात?”

तो दुखावला. मग समजूत घालायला मी त्याला माझी कल्पना सांगितली. चित्रात आत्या असावी, मी असावा, टेलिफोन, वायर, पृथ्वीचा गोल, आणि खाली बारीक अक्षरात ‘संकल्पना, संशोधन, संहिता, सूत्रसंचालन आणि ध्वनिमुद्रण’ असं लिहून पुढे माझं नाव. आत्याने चेहरा द्यायला साफ नकार दिला. आवाज दिला की चेहरा द्यायचा नाही, हे तिचं तत्त्व. बरीच मनधरणी केल्यावर पाठमोरी बसायला तयार झाली. आणि मग मेहुणा म्हणाला की तिच्यासमोर खरा बोर्ड हवा, मनाने काढलेला बोर्ड लिफ्टच्या बटणांसारखा दिसतो.

खरा बोर्ड जुन्या एक्स्चेंजच्या भांडारात पडून आहे, असं आत्याने ऐकलं होतं. रजा टाकून मी, आत्या आणि मेहुणा तिथे गेलो. भांडारात एक साहेब बसले होते. त्यांच्या मागेच तो बोर्ड, भिंतीला टेकवलेला. त्याच्या फळीवर कपबश्या मांडल्या होत्या आणि एका खुंटीवर टॉवेल वाळत होता.

“कुठल्या बोर्डाचा फोटो?” साहेबांनी विचारलं.

“हा काय, तुमच्या मागे.”

त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. “तो बोर्ड केव्हाच निकालात निघालाय. दफ्तरी तो नाही. जी वस्तू नाही तिचा फोटो काढायला मी परवानगी कशी देऊ?”

“अहो, पण दिसतोय ना!” मेहुणा म्हणाला.

“दिसणं वेगळं, असणं वेगळं,” साहेब म्हणाले.

मेहुणा भांडायच्या बेतात होता. मला मात्र त्यांचं म्हणणं तंतोतंत पटलं. आमच्या विभागातही नोंद नसलेला माणूस समोर येऊन उभा राहतो तेव्हा आम्हाला हीच अडचण येते. मी बराच विचार करून विचारलं, “कपबश्या दफ्तरी आहेत का?”

साहेबांचा चेहरा उजळला. “आहेत की! रीतसर घेतलेल्या आहेत. प्रत्येकीच्या बुडाला नंबर आहे.”

“मग आम्हाला कपबश्यांचा फोटो काढू द्याल?”

“अवश्य. फक्त त्या हलवायच्या नाहीत.”

एवढ्या प्रकरणात डोकं शाबूत ठेवून केलेलं हे माझं एकमेव काम, आणि त्याबद्दल मला आजवर कुणी शाबासकी दिलेली नाही. मेहुण्याने आत्याला बोर्डासमोर पाठमोरी उभी करून कपबश्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. आत्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तिने एक बशी बोटाने जराशी सरकवली (साहेबांनी घसा खाकरला) आणि दिव्यांच्या रांगेवरून हात फिरवत एका जागी थांबली.

“आहे अजून,” ती म्हणाली.

दिव्यांच्या त्या रांगेत एका भोकात दिवा नव्हता. तिथे लाल रंगाचं एक मोठं बटण चिकटवलेलं होतं, कोटाचं असतं तसं. त्याची एक कड तुटलेली होती.

“हा दिवा एकदा गेला तो कुणी दुरुस्तच केला नाही. त्या भोकाकडे बघून बघून मला वैताग आला होता. शेवटी माझ्या कोटाचं बटण तुटलं ते लावून टाकलं. पलीकडचीला सांगितलं तर इतकी हसली! तेव्हापासून रोज लाइनवर आली की पहिलं तेच. ‘बटण काय म्हणतंय?’ मी म्हणायची, ‘पडलं नाही अजून.’”

तिचे डोळे भरून आले होते. मी काय करत होतो? मी मेहुण्याला सांगत होतो की माझा खांदा फोटोत नीट येत नाहीये. आज आठवलं की कसंसंच होतं.

फोटोवरून मेहुण्याने जे चित्र केलं ते तयार व्हायला बरेच दिवस लागले, कारण त्याला लेबलांचीही कामं होती. बोर्ड त्याने फोटो खाली ठेवून जसाच्या तसा गिरवला. काळी पाटी, दिव्यांच्या रांगा, ते लाल बटणसुद्धा. त्यावर कपबश्या, त्यावर पाठमोरी आत्या, तिच्याशेजारी मी, टेलिफोन, वायर, पृथ्वी, माझं नाव आणि (त्याने हट्टाने ठेवलेली) पिवळी चांदणी. कॉम्प्युटरवर पूर्ण पडदाभर उघडलं तेव्हा चित्र खरंच भरगच्च दिसत होतं. फक्त त्या बटणाची तुटलेली कड मला खटकली. मी म्हटलं, निदान एवढं तरी गोल कर, लोकांना वाटेल तुला वर्तुळ येत नाही. तो म्हणाला, “भावजी, जे होतं ते काढलंय.” त्याचा आवाज चढलेला पाहून मी विषय सोडला.

वेबसाइटला चित्र आवडलं नाही. आधी म्हणाली, चित्र चौरस नाही. चौरस केलं तर माझा अर्धा देह कापला गेला आणि कोपर तेवढं उरलं. मग म्हणाली, चित्राचं वजन जास्त आहे. “तुमचा अर्धा भाग काढूनसुद्धा?” बायकोने विचारलं. वजन कमी केलं तर म्हणाली, चित्र अस्पष्ट आहे. 

अशा वेळी माणसाने शेजाऱ्यांना काही सांगू नये. पण मी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या हेडसरांना भेटलो आणि बोलून गेलो. हेडसर शाळेतून निवृत्त झालेत, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांनी मेहुण्याला बोलावून घेतलं, उभं केलं आणि विचारलं, “हे चित्र प्रत्यक्षात केवढं दिसणार?”

“मोबाइलवर ना? साधारण नखाएवढं.”

“आणि तुम्ही ते पाहता केवढं?”

“पडदाभर.”

“हं,” हेडसर म्हणाले. “म्हणजे अभ्यास एका विषयाचा आणि पेपर दुसऱ्याच.” मग त्यांनी उपाय काढला. लांबून पाहिलं की मोठी वस्तू नखाएवढी दिसते. तेव्हा चित्र मोठं छापून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर धरायचं आणि आपल्या गच्चीवरून सगळ्यांनी बघायचं. चित्र मोबाइलवर लहान करून बघता येतं, हे आम्हा शिकल्यासवरलेल्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. मेहुण्याच्या आलं होतं, असं तो नंतर म्हणाला, पण हेडसरांपुढे त्याची बोलायची छाती झाली नाही.

रविवारी सगळी इमारत गच्चीवर. समोरच्या गच्चीवर तो मोठा कागद धरून माझी बायको. हेडसरांनी खूण केली आणि लोक ओरडायला लागले.

“कासव आहे!” तो टेलिफोन होता.

“क्रोकरीचं दुकान!” त्या साहेबांच्या दफ्तरी कपबश्या.

“मधे कांदा कशाला काढलाय?” आत्याचा अंबाडा.

“आत्याबाई ओळखू येतात बरं का, पण रागावलेल्या दिसतात,” तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. त्या कोपराकडे बोट दाखवत होत्या. “तो मी आहे,” मी म्हटलं. त्यांनी मला एकदा आणि कागदाला एकदा पाहिलं आणि “असं होय,” एवढंच म्हणाल्या.

“वर डोकं आणि खाली पाय दिसतायत, तेही चित्रातच आहेत का?” कुणीतरी विचारलं.

“ती माझी बायको आहे!”

“मग ती ठेवा. तेवढीच स्पष्ट दिसतेय.”

हे वाक्य वाऱ्याने पलीकडच्या गच्चीवर पोचलं. त्या दिवसापासून बायकोचं या चित्राबद्दलचं मत एकदम सुधारलं.

मग हेडसरांनी मेहुण्याला लॅपटॉप घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला टाकीशेजारी बसवलं आणि एकेक गोष्ट गाळायला सांगितली. त्याने चित्रातली प्रत्येक वस्तू वेगळ्या थरावर काढली होती, म्हणजे नको ती टिचकी मारून घालवता येत होती. “काय दिसत नाही?” हेडसरांनी विचारलं. “नाव!” सगळे एका सुरात. गेलं माझं नाव. संकल्पना, संशोधन, संहिता, सगळं एका टिचकीत गेलं. मग कोपर गेलं. मग पृथ्वी गेली, आणि तिच्याबद्दल कुणालाही काही वाटलं नाही. कपबश्या, वायर, कासव, कांदा. चांदणी मेहुण्याने डोळे मिटून घालवली. शेवटी काय उरलं ते धड न पाहताच लोक म्हणाले, “आता कसं मोकळं मोकळं वाटतंय!” आणि जेवायला निघून गेले.

“आता यातलं एकेक परत आणू,” मी मेहुण्याला म्हटलं. “आधी माझं नाव.”

पण तो आता ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. चारचौघांत आपल्या कलेचा कांदा झाला, यापुढे तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून तो गेला. फार समजूत काढल्यावर त्याने होती नव्हती ती सगळी चित्रं मला पाठवून दिली. ‘अंतिम’, ‘नक्की अंतिम’, ‘हेच’, ‘हेच हो’, ‘भावजींच्या मनासारखं’ अशी त्यांची नावं होती. आता यातलं नक्की कोणतं? दुसरा कुणी असता तर त्याने प्रत्येक उघडून पाहिलं असतं. मी आवक-जावकवाला. आमच्याकडे नियम असा की गठ्ठ्यात सगळ्यात वर असेल तो कागद ताजा, आणि ताजा तो खरा. आतलं वाचत बसायची आमच्यात पद्धत नाही. कचेरीत चहाच्या सुट्टीत मी सगळ्यात वरचं चित्र उचललं आणि दिलं पाठवून. गंमत म्हणजे वेबसाइट चकार शब्द बोलली नाही. ‘अभिनंदन’ म्हणाली. करडा शब्द निळा झाला. कार्यक्रम जगजाहीर झाला.

संध्याकाळी घरी येऊन मोबाइलवर पाहतो तर नखाएवढा काळा चौकोन आणि त्यात एक लाल ठिपका. आत्या नाही, मी नाही, पृथ्वीसुद्धा नाही. नुसता बोर्ड आणि ते कड तुटलेलं बटण. गच्चीवर शेवटी उरलं होतं ते हे. मी घाईघाईने चित्र बदलायला गेलो तर उत्तर आलं, ‘तुमचे चित्र स्वीकारले आहे. बदलाची विनंती विचाराधीन राहील.’ विचाराधीन म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. तो शब्द मी स्वतः रोज वापरतो.

आता आत्याला काय सांगणार? सगळ्या आशा तिने या चित्रावर ठेवल्या होत्या, आणि मी तिच्या आयुष्याच्या कामावर एक बटण लावून मोकळा झालो होतो. मला इतकी लाज वाटली की मोबाइल पालथा घालून ठेवला. पण ती आलीच. चष्मा न लावता मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

“हे मला दिसतंय,” ती म्हणाली.

“आत्या, चूक झाली गं. उद्या वेबसाइटवाल्यांना...”

“हात लावायचा नाही,” ती म्हणाली, आणि मोबाइल घेऊन खिडकीपाशी जाऊन बसली.

त्यानंतरचे आठवडे माझे चांगले गेले नाहीत. लोक कार्यक्रम ऐकत होते की नाही कळत नव्हतं, पण चित्राबद्दल लिहीत होते. कुणी विचारलं, शिवणकाम शिकवता का. कुणी लिहिलं, पडदा खराब झालाय असं वाटून मी मोबाइल पुसला. (मेहुणा म्हणाला, बघा, शेवटी पुसलंच ना.) कचेरीत माझ्या मागे मला ‘बटणवाले’ म्हणायला लागले. पुढे पुढे समोरच म्हणायला लागले. इकडे आत्याचा आवाज आणखी बसला होता. रोज मी घरी आलो की ती माझ्या तोंडाकडे पाहायची, मी मान हलवायचो आणि ती “असू दे” म्हणायची. ते ‘असू दे’ ऐकवत नव्हतं.

प्रत्येक भागाच्या शेवटी मी माझा फोन नंबर देत असे. एक दिवस कचेरीत त्यावर फोन आला. एका बाईंचा आवाज, जरा घुश्श्यातला.

“ते बटणवाले तुम्हीच का?”

मी म्हटलं, “बाई, विचाराधीन आहे ते. बदलणार आहोत.”

“बदलू नका! म्हणजे... ऐका हो. माझ्या सासूबाईंना हल्ली अजिबात दिसत नाही. मी काल त्यांच्या डोळ्यांत औषध घालून शेजारी मोबाइल बघत बसले होते. तुमचं ते चित्र आलं. राग मानू नका, पण मी म्हटलं, काय एकेक लोक असतात, बोलायच्या कार्यक्रमाला बटणाचं चित्र! सासूबाई म्हणाल्या, कसलं बटण? म्हटलं, लाल. कुठे आहे? म्हटलं, दिव्यांसारख्या रांगा आहेत, त्यात मधेच. तर उठून बसल्या. म्हणाल्या, धड आहे का? मी म्हटलं, कुठलं धड, काढणाऱ्याला वर्तुळसुद्धा येत नाही, कड तुटलीये. तेव्हापासून त्या जेवल्या नाहीयेत. मला म्हणतात, लाइन लाव.”

मी आवक-जावक विभागात, सगळ्यांच्या देखत, रडलो. का ते कुणाला सांगता येईना. त्यांना वाटलं चित्रावरून आणखी कुणी बोललं असेल, आणि त्या दिवसापुरतं मला कुणी बटणवाले म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी आत्या कपाटासमोर स्टुलावर बसली. मी माझ्या जागी, शर्टांच्या मध्ये. माइक लावला, फोन मोठ्या आवाजावर ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं. हा भाग ऐकून लोक चित्रबित्र सगळं विसरतील, अशी माझी खात्री होती. फोन वाजला. आत्याने उचलला.

पलीकडून घोगरा, म्हातारा आवाज आला. “बटण काय म्हणतंय?”

आत्या म्हणाली, “पडलं नाही अजून.”

मग पलीकडची म्हणाली, “आवाज बसलाय गं तुझा.”

“तुझा तरी कुठे धड आहे?” आत्या म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या. हसू ओसरल्यावर आत्याने विचारलं, “लाइन गेली तेव्हा तू काय सांगत होतीस? एक गंमत सांगायची राहिली म्हणालीस.”

“अगं हो!” पलीकडची म्हणाली. “ते तर सांगायलाच हवं. झालं असं की...”

आणि ती क्षणभर थांबली. हीच ती जागा. माझ्या सगळ्या साधनेचा कस लागणार होता. लवकर नाही, उशिरा नाही, अगदी नेमक्या क्षणी मी शर्टांमधून म्हणालो, “मग?”

“लाइनवर तिसरं कोण आहे गं?” पलीकडचीने विचारलं.

“भाचा आहे माझा.”

“लाइनवर तिसरा? तुझ्या बोर्डावर?”

आत्या ताठ बसली. एका झटक्यात तिने माइकची वायर उपटली. इतक्या वर्षांनंतरही हाताला तोच सराव. मग माझ्याकडे न बघताच दाराकडे बोट केलं. मी माझ्याच कपाटातून, माझ्याच शर्टांतून वाट काढत, माझ्याच खोलीच्या बाहेर आलो आणि दार लागलं.

आत्या अजूनही ती गंमत सांगत नाही. श्रोते विचारतात, हेडसर विचारतात, मेहुणा विचारतो. मी सगळ्यांना विचाराधीन आहे म्हणून सांगतो. त्या वेळी मी बराच वेळ दाराला कान लावून उभा होतो. आत दोघी बोलत होत्या, मधेच हसत होत्या एवढं कळत होतं. बायको माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “काय म्हणतायत? काही ऐकू येतंय का?”

“नाही ना,” मी म्हटलं. “कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही.”